शंकररावांच्या तीन बाटल्या

"एकही नाही?" नानांनी पलंगावर उठून बसायचा प्रयत्न केला, पण नवा गुडघा आडवा आला. "अहो डॉक्टर मॅडम, एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि खून एक बाटलीसुद्धा नाही चढवणार?"

"नानाजी, तुमचं हिमोग्लोबिन नऊ आहे," डॉक्टर धम्मदीना म्हणाल्या. या हॉस्पिटलात कुणाला रक्त द्यायचं आणि कुणाला नाही, हे बघणं त्यांचंच काम होतं. "नऊला रक्त लागत नाही. आयर्नच्या गोळ्या घ्या, चाला, परवा घरी जा. दुसऱ्याचं रक्त म्हणजे काही टॉनिक नाही."

आता या बाईंना कोण सांगणार, की प्रश्न हिमोग्लोबिनचा नव्हताच! प्रश्न शंकररावांचा होता.

शंकरराव म्हणजे नानांचे साडू, राहणार राऊ. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली आणि म्हणे तीन बाटल्या रक्त चढलं. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाला साधा ताप आलेला असो, शंकरराव शर्टाचं वरचं बटण काढणार आणि म्हणणार, "तीन बाटल्या! डॉक्टर बोले, दुसरा कोणी असता तर निपटला असता." मग सगळे गप्प, आणि शंकररावांच्या ताटात एक लाडू जास्तीचा. नानांनी सहा वर्षं हे मुकाट्यानं सोसलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरचे घाबरले. नानांना मात्र मनातल्या मनात जरा बरंच वाटलं होतं. आणि आता ही पोरगी म्हणते गोळ्या घ्या!

संध्याकाळी शंकरराव आलेच. स्टूल ओढलं, बसले आणि गुडघ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "हां भिया, किती चढलं?"

"दोन," नानांच्या तोंडून निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं. "काल दुपारी. इथल्या नंदिनी सिस्टरनंच चढवल्या."

शंकररावांचा चेहरा जरासा उतरला. "दोन म्हणजे... ठीकठाक आहे," ते म्हणाले. त्या दिवशी नानांना फार छान झोप लागली.

सकाळी नंदिनीनं नानांच्या पलंगाखालचं लघवीचं भांडं उचललं आणि जागच्या जागी थबकली. लालभडक! ती धावतच डॉक्टरांना घेऊन आली. नेमके त्याच वेळी शंकरराव पोहे-जलेबीचा पुडा घेऊन दारात हजर.

"कालपरवा काही वेगळं दिलंय का यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन बाटल्या खून चढवलंय ना!" शंकररावांनी तत्परतेनं माहिती पुरवली. "नंदिनी सिस्टरनंच."

"मी?" नंदिनी किंचाळली. "मॅडम, मी हात नाही लावला!"

झालं! चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर लघवी लाल होते आणि माणूस जिवाला मुकू शकतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. दोन मिनिटांत नानांच्या एका दंडाला बीपीचा पट्टा, दुसऱ्या हातात सुई, काखेत थर्मामीटर. पोहे-जलेबी बंद. डॉक्टरांनी रक्तपेढीला फोन लावला, तर तिथून उत्तर आलं की सगळ्या पिशव्या जागेवर आहेत, एकही कमी नाही.

"म्हणजे रक्त बाहेरून आणलं?" डॉक्टरांचा आवाजच बदलला. "सिस्टर, चौकशी होईपर्यंत तुम्ही ड्यूटीवर नाही. सगळं लिहून द्या."

नंदिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. याच पोरीनं परवा नानांना धरून पहिली वीस पावलं चालवली होती, आणि विसाव्या पावलाला स्वतःच टाळी वाजवली होती. नानांनी तिच्याकडे बघितलं, मग शंकररावांकडे बघितलं. सहा वर्षांत एकदा मिळालेली इज्जत, तीही एका रात्रीची. नानांना अगदी रडू यायला लागलं.

"खोटं बोललो मी!" ते ओरडले. "एक थेंब नाही चढला. यांना दाखवायला बोललो. त्या पोरीला काही बोलू नका!"

"मग लघवी लाल कशी?"

"ते मला काय माहीत!" म्हणता म्हणता नानांना दरदरून घाम फुटला. आता ते खरेच घाबरले.

तेवढ्यात नानांच्या पत्नी वसुंधराबाई थर्मास घेऊन आत आल्या. "अहो, आज दोन ग्लास प्यायचंय हां. हे लोक खून देत नाहीत तर ना देवोत. घरचं बीट कुठं गेलंय?"

डॉक्टरांनी थर्मासचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि मटकन स्टुलावर बसल्या. "कधीपासून पाजताय?"

"कालपासून. का हो?"

"काही जणांची लघवी होते बीटानं लाल," डॉक्टर म्हणाल्या, आणि हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. नंदिनीनं डोळे पुसले आणि नानांकडे असं बघितलं, की त्यापेक्षा सुई परवडली.

शंकररावांचा हात सवयीनं बटणाकडे गेला. "ऐसा है मॅडम, खरं खून मला चढलं होतं. तीन बाटल्या!"

"हो? मग तुमचीही तपासणी करून घेऊ. आधी रक्त चढलेलं असलं तर पुढे जुळवताना अडचण येऊ शकते. सिस्टर, काकांचं सँपल घ्या. आणि काका, बायपासची फाइल आणा."

नंदिनी सुई घेऊन निघाली. शंकरराव भिंतीला टेकले.

"मागवल्या होत्या तीन," ते पुटपुटले.

"आणि चढवल्या?"

"...परत गेल्या."

नाना साडूंकडे बघत राहिले. सहा वर्षं! किती लाडू! पण आश्चर्य म्हणजे त्यांना राग येईना. त्यांनी हळूच पोह्यांचा पुडा शंकररावांकडे सरकवला.

दुपारी राजेंद्र नगरहून शेजारचे रामभाऊ भेटायला आले. स्टुलावर बसत त्यांनी विचारलं, "काय नाना, खून किती चढलं?"

नानांनी तोंड उघडलं, पण शंकरराव आधी बोलले. "एक थेंब नाही! एवढं ऑपरेशन, पण गरजच नाही पडली. बॉडी बघा भिया!"

नानांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "आणि आमच्या शंकररावांना तर बायपासमध्येसुद्धा नाही," ते म्हणाले. "तीन बाटल्या वापस पाठवल्या त्यांनी!"

रामभाऊंचा चेहरा पडला. गेल्या वर्षी ऑपरेशनात त्यांना एक बाटली चढली होती, आणि तेच सांगायला ते एवढ्या उन्हात आले होते.