रंगनाथरावांचं राहिलेलं मावंदं

आमच्या गल्लीतले रंगनाथराव रोज पहाटे गच्चीवर जातात आणि सूर्य उगवायला लागला की त्याच्याकडं पाठ करून उभे राहतात. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर रंगीत फुग्याचं चित्र. लोक सूर्याला पाणी घालतात, हात जोडतात, निदान तोंड तरी तिकडं करतात. हे पाठ करतात. मी एकदा अंगण झाडता झाडता खालूनच विचारलं, सूर्यानं तुमचं काय घोडं मारलंय म्हणून. तर म्हणाले, "सूर्य काय सिस्टर, रोजच उगवायलाय. त्याचं काय बगायचं?"

सिस्टर म्हणजे मी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले, पण गल्लीनं मला निवृत्त केलं नाही. कुणाचं बीपी, कुणाची साखर, कुणाच्या सुनेची तक्रार, सगळं माझ्या ओसरीवर येतं. रंगनाथरावांचं घर भिंतीला भिंत लागून. त्यामुळं त्यांचा इजिप्त मी जेवढा ऐकला, तेवढा परभणीत कुणी ऐकला नसेल.

हो, इजिप्त. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते ते. सगळा जन्म कालव्याच्या कडेनं सायकल हाणण्यात गेला. बदली झाली तर जिंतूरला, देवदर्शन म्हणजे पोखर्णीचा नरसिंह. आणि निवृत्तीनंतर हा माणूस बायकोला घेऊन इजिप्तला गेला आणि तिथं फुग्यात बसून आभाळात चढला. चढल्याचं प्रमाणपत्रही मिळालं. ते लॅमिनेशन करून देवघराच्या वरती लावलंय. दिवा लावताना देवांच्या आधी तेच दिसतं.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "वरून बगितल्याबिगर कळत न्हाई." रस्त्यावर खड्डे पडले, वरून बघायला पाहिजेत. नाली तुंबली, वरून बघायला पाहिजे. माझ्या टाकीचं झाकण फुटल्याचं त्यांनीच गच्चीवरून बघून सांगितलं. त्यासोबत माझ्या कुरडया कावळे नेतात आणि माझी पाण्याची मोटार मी उगं जास्त वेळ चालवते, हेही सांगितलं. असा राग येतो ना कधी कधी.

फुग्याची गोष्ट मात्र झकास सांगतात. अंधारात होडीनं नाईल नदी ओलांडायची. पलीकडं मैदानात हे भले मोठे फुगे आडवे पडलेले. त्यांच्या तोंडात जाळ सोडायचा, गुऱ्हाळाच्या चुलवाणाएवढा. मग फुगा उभा राहतो. खाली माणसं बसायला पाटी. "शेण टाकायची पाटी असतीय ना सिस्टर, तसलीच, फक्त मोठी." आणि मग वर. खाली उसाचे फड. कुठं पाट फुटलेला नाही, पाण्याची पाळी व्यवस्थित, हे खात्याच्या नजरेनं टिपलेलं. डोंगराच्या पायथ्याला कुण्या राणीचं देऊळ. दोन दगडी राजे मांड्यांवर हात ठेवून बसलेले, तलाठी कधी येतो बघत बसल्यासारखे. आणि मैदानाकडं येणारा रस्ता. त्या रस्त्याचं वर्णन तर असं करतात की डोळे मिटून मी तिथं रिक्षा चालवीन. कुठं वळण, कुठं खजुराची झाडं, कुठं गाढवं, कुठल्या गाडीचा एकच दिवा चालू होता.

सूर्याचं मात्र एक अक्षर नाही. लोक पहाटे त्या फुग्यात कशासाठी बसतात? सूर्योदयासाठी. आणि हा माणूस मला गाढवं सांगतो. मी विचारलं की विषय बदलतात. नर्सच्या कामात एक सवय लागते, माणूस काय सांगत नाही तिकडं कान लागतो. पण म्हटलं, असेल एखादा विक्षिप्तपणा, त्यांच्याकडं काय तोटा हाय का त्याचा.

फुग्यातून उतरल्यावर दिवसभर देवळं दाखवली. एका देवळाच्या वाटेवर दोन्ही अंगांनी दगडी मूर्ती बसवलेल्या, धड सिंहाचं आणि तोंड माणसाचं. रंगनाथराव हरखले. पोखर्णीला तोंड सिंहाचं, धड माणसाचं. इथं उलटं, पण देव तोच. नवरा-बायकोनं एकेका मूर्तीला हात जोडत सगळी रांग केली. मागं गोरे लोक खोळंबले. पिशवीत पोखर्णीहून नेलेला नारळ होता, तो फोडायला निघाले तेव्हा पहारेकऱ्यानं धरलं. नारळ जप्त झाला, तरी देवदर्शन झालं ते झालंच. म्हणजे ही सहल नव्हे, यात्रा.

आणि यात्रा म्हटली की मावंदं आलं. काशीहून आणलेलं पाणी बंदच ठेवायचं, मग गल्लीला जेवायला बोलवून ते उघडायचं, तेव्हा यात्रा पुरी होते. रंगनाथरावांनी होडीतून नाईलचं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं. तोंड मेणानं बंद करून, लाल दोरा बांधून बाटली देवघरात ठेवली. गल्ली वाट बघायला लागली. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, दुसरी दिवाळी गेली. "काका, मावंदं कधी?" असं पोरंसोरं चिडवायला लागली. त्यांचं उत्तर ठरलेलं. "पाहुणे यायचेत."

कोण पाहुणे, ते मला कुसुमबाईंनी सांगितलं. रंगनाथरावांच्या मंडळी. बीपी बघायला आल्या होत्या. बीपी चढलेलंच होतं आणि नांदेडच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. मी पट्टा गुंडाळत होते, तर म्हणाल्या, "सिस्टर, ऑपरेशनच्या आदी मावंदं झालं पायजे. यात्रा अर्धी टाकून मला टेबलावर न्हाई झोपायचं. पण हे ऐकंनात."

मग सगळं निघालं. ती सहल मुळात सहल नव्हतीच. विवेक, त्यांचा एकुलता एक, दुबईला. वर्षानुवर्षं गावाकडं येणं नाही. नातीला यांनी फोनच्या काचेतूनच मोठं होताना बघितलेलं. त्यानंच सुचवलं, तुम्ही तिकडून या, आम्ही इकडून येतो, इजिप्तमध्ये भेटू. आदल्या दिवशी फोन आला, आम्ही जवळच्या गावात पोचलोय, पहाटे गाडी घेऊन सरळ फुग्याच्या मैदानावर येतो. पाटीत त्यांच्याही जागा धरलेल्या. फुगा उभा राहिला तरी कुणी आलं नाही. रंगनाथराव चढायला तयार नव्हते. कुसुमबाईच म्हणाल्या, चला, वरून रस्ता दिसंल.

"वर गेलो तर समदे एका अंगाला, सूर्य बगायला. हे एकटे दुसऱ्या अंगाला. मी म्हनायले, आवो, तिकडं बगा, कसं लाल झालंय. हे म्हनायचे, थांब, गाडी यायलीय एक."

खाली उतरल्यावर फोन लागला. विवेक दुबईतून निघालाच नव्हता. सुट्टी मिळाली नव्हती आणि सांगायची हिंमत झाली नव्हती म्हणे. त्या क्षणी तो माझ्यासमोर असता तर मी त्याला दोन कानाखाली दिल्या असत्या, मग दुबईचा साहेब असो नाहीतर कुणी असो. सुट्टी मिळत नाही, समजू शकते, मीही नोकरी केलीय. पण म्हाताऱ्या बापाला आभाळात टांगून रस्त्याकडं बघायला लावायचं, याला काय म्हणावं?

कुसुमबाईंनी शेवटी स्वतःच मावंद्याचा दिवस धरला आणि गल्लीला आवतण दिलं. रंगनाथराव फुगून बसले. मग विवेकचा फोन आला, या वेळी नक्की येतो. झालं. म्हाताऱ्यानं नवीन टोपरं आणलं नातीला. नात एव्हाना कॉलेजात जायच्या वयाची, पण सांगणार कोण?

त्या दिवशी उजाडल्यापासून ते गच्चीवर. विमानतळावरून येणारी गाडी जिंतूर रोडनंच येते आणि तो रस्ता त्यांच्या गच्चीवरून दिसतो. खाली पुरणपोळ्या झाल्या, पंगत बसली, ताटं वाढून झाली. तूपही वाढलं. फोन आला तो कुसुमबाईंच्या हातात. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या, "जपून रहा" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग जिना चढायला लागल्या. मी मागून ओरडले, अहो मरायचंय का, मी सांगते त्यांना. ऐकतंय कोण. एकेका पायरीवर थांबत चढल्या, मी मागं हात धरून.

"पंगत खोळंबलीय," कुसुमबाई म्हणाल्या. "उतरा आता."

त्यांनी मान वळवली नाही. "तवा बी उतरलो होतो, कुसुम. खाली कुनी न्हवतं."

कुसुमबाईंना दम लागला होता. भिंतीला धरून त्या जराशा थांबल्या. "मी होते की," म्हणाल्या. "पाटीत बी तुमच्या शेजारीच होते."

रंगनाथराव वळले. बराच वेळ बायकोकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोकडं असं बघताना पाहिलं नव्हतं, आणि तिथं आपण उभं राहू नये हे मला उशिरा सुचलं. मग त्यांनीच तिचा हात धरला आणि पायरी पायरीनं खाली आणलं.

बाटलीचं मेण त्यांनी स्वतः नखानं काढलं. पहिलं पाणी कुसुमबाईंच्या तळहातावर घातलं. एवढे दिवस साठलेलं परदेशी नदीचं पाणी, समोर ऑपरेशनचा पेशंट आणि मी नर्स. मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण कुसुमबाई ते प्यायल्या नाहीत, त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावलं. मग माझ्याही तळहातावर आलं. मीही लावलं. गल्लीनं पोटभर पुरणपोळी खाल्ली, कुणी विवेकचं नाव काढलं नाही. टोपरं देवघरात तसंच राहिलं.

नांदेडला निघायच्या दिवशी पहाटे मी अंगण झाडत होते. वर बघते तर दोघं. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची वर नेलेली. मी झाडू उगारला, आज ऑपरेशनला जायचंय आणि हिला जिने चढवता म्हणून. कुसुमबाई तोंडावर ऊन घेत बसल्या होत्या आणि काहीतरी बोलत होत्या, हळूहळू, हातानं दाखवत. रंगनाथराव शेजारी उभे, तीच टोपी, पाठ सूर्याकडं आणि डोळे जिंतूर रोडवर.

मला बघून जरा वाकले.

"सिस्टर, तिकडचा सूर्य लय चांगला होता म्हने," ते म्हणाले. "ही सांगायलीय."