बहुमताचं बेअरिंग

घरच्या गाडीचं बेअरिंग आपणच बदलायचं, असं अनंतानं ठरवलं, तेव्हा शेणवे गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगा इंजिनिअर होता. चार वर्षं लांब कानपूरला शिकला होता आणि पुण्याची नोकरी नाकारून, सन दोन हजारच्या जानेवारीत, गावात काहीतरी उभं करायचं म्हणून परत आला होता. (ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे घरच्यांना अजून कळलं नव्हतं. खरं तर अनंतालाही.)

गाडी वडिलांची, बावीस वर्षांची. काटा चाळीसच्या पुढे गेला की तिच्यातून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा.

"मुरबाडच्या गॅरेजात टाकू," काळूराम, म्हणजे अनंताचे वडील, म्हणाले.

"नको, बाबा! आपल्या गाडीचा आवाज आपल्यालाच कळायला हवा. गावानं किती दिवस बाहेरच्यांच्या तोंडाकडे बघायचं?"

काळूरामनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. "बरं. रविवारी आपल्याला मुरबाडला लग्नाला जायचाय. तवर आवाज बंद झाला तर तू राहा गावात, कर काय करायचं ते. नाय झाला, तर सोमवारी अंबरनाथला, मामाच्या कारखान्यात. कबूल?"

"कबूल!"

अनंता त्याच दिवशी कल्याणला जाऊन पुढच्या चाकाचं एक नवंकोरं बेअरिंग घेऊन आला. आता प्रश्न एवढाच उरला, की डावं चाक की उजवं? त्याला स्वतःला उजव्याचा संशय होता. पण एकट्यानं निर्णय घेणं त्याच्या तत्त्वात बसेना. ज्ञान सगळ्यांचं असतं, हे तो कानपूरला भाषणात बोलला होता आणि टाळ्या पडल्या होत्या. त्यानं ठरवलं, मतदान घ्यायचं.

मत द्यायचं तर आवाज ऐकायला हवा. म्हणून दोन दिवस त्यानं शेजाऱ्यांना चार-चार जणांच्या खेपांनी सापगावच्या रस्त्यावर फिरवून आणलं. सावळीकाकी तीन वेळा बसली. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा खात्री पटली नाही, आणि तिसऱ्यांदा तिला वाटेत सुकट घ्यायची होती.

शुक्रवारी अंगणात सभा भरली. अनंताची धाकटी बहीण मनस्वी हात मोजायला उभी राहिली.

"डावं चाक म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

"डावं म्हंजे कंचं रे?" सावळीकाकीनं विचारलं. "तोंड कुठं करून?"

"ड्रायव्हरच्या शेजारची बाजू, काकी."

"मंग तेच! मी तिथंच बसलेली. नुसतं कानात घुमत होतं!"

अकरा हात वर गेले. उजव्याला पडली चार. (प्रत्येकानं आपण बसलो होतो त्या बाजूला मत दिलं, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बहुतेक सगळे आळीपाळीनं बसून आले होते, हे अनंताच्या लक्षात आलं नाही.) चाळीस वर्षं बैलगाडी हाकलेले नथूआजा ओट्यावर बसून होते. त्यांनी हातच वर केला नाही. अनंतानं वहीत टिपलं : 'तटस्थ, एक.'

शनिवारी डावं चाक उतरलं. अनंतानं चाकामागचा हब काढला, रॉकेलनं धुतला, तळहातावर ग्रीस घेऊन ते बेअरिंगमध्ये कसं दाबून भरायचं हे जमलेल्यांना समजावलं. ग्रीस कोपरापर्यंत गेलं, समजावणं त्याच्याही वर. निघालेलं जुनं बेअरिंग मनस्वीनं फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरत होतं.

"दादा, हे चांगलंय की!"

"अकरा लोकांनी सांगितलंय, मनू."

रविवारी सकाळी काळूराम फेटा बांधून शेजारी बसले. गाडी रस्त्याला लागली. तीस. पस्तीस. चाळीस.

घूंऽऽ.

काळूरामनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"दीड तास द्या, बाबा! मी मुळात उजव्याच्याच बाजूचा होतो!"

गाडी परत अंगणात आली. लग्नाचा पांढरा सदरा घालूनच अनंता खाली वाकला. डाव्यातलं नवं बेअरिंग ठोकून काढून उजव्यात घातलं, डाव्यातलं जुनं पुन्हा डाव्यात गेलं. उजव्यातून जे निघालं, तेही लोण्यासारखंच फिरत होतं. त्यानं ते मनस्वीला दाखवलं नाही. दुसरी फेरी मारून आला तेव्हा आवाज गेलेला नाही, हे त्याच्या तोंडावरूनच लोकांना समजलं.

"मागचं हाय ते," ओट्यावरून नथूआजा म्हणाले.

"काय?"

"मागचं चाक. दोनदा मागं बसलो ना तुझ्या गाडीत. बुडाखाली घुमत होतं."

"मग आजा, परवा बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस, डावं का उजवं. मागचं उभंच नव्हतं." नथूआजांनी विडी विझवली. "आन तू बेअरिंग पुढचं आणलेलं. म्हटलं, शिकलेला माणूस, मागचं बघूनच आला असंल."

मागचं बेअरिंग काढायला लागणारं हत्यार अख्ख्या शेणव्यात नव्हतं. गाडी घुमतच मुरबाडला गेली. गॅरेजवाल्यानं मागचं चाक एकदा हातानं फिरवलं, मान हलवली, आणि लग्नाच्या पंगती उठेपर्यंत काम करून दिलं. येताना काटा साठवर गेला तरी गाडीत चूं की चां नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं माळ्यावरची बॅग खाली काढली आणि कपडे भरायला घेतले. काळूराम दारात येऊन उभे राहिले.

"कुठं निघालास?"

"अंबरनाथला. शब्द दिलाय तुम्हाला."

काळूरामनी त्याच्या काळ्या नखांकडे बघितलं. "ठेव ती बॅग. राहा हितंच."

अनंतानं हातातला सदरा खाली ठेवला. "म्हणजे बाबा, तुम्हाला माझं म्हणणं पटलं?"

"पटायचं काय त्यात?" काळूराम म्हणाले. "तुझ्या मामानं आजवर माझं काय वाईट केलं नाय. त्याच्या चालत्या कारखान्यात तुला कसा धाडू?"