वड्याला घड्याळ लावणारे व्यंकटअण्णा

समोर सांबारवडा आला की आपण खातो. आमच्या शेजारचे व्यंकटअण्णा घड्याळ लावतात. वड्याच्या एका कडेला सांबार ओतायचं आणि ते पलीकडे कधी पोचतं ते पाहत बसायचं, हा त्यांचा नाश्ता. शेवटी वडा मोडून निकाल सांगतात, "बघा वैनी, मध्यें सुकंच राहिलं." ज्या बाईनं तो वडा तळलाय तिला हे ऐकून काय वाटत असेल, ते मी सांगायला नको.

लग्न होऊन पुण्याहून तंजावुरात, राजवाड्यामागच्या या गल्लीत आले, तेव्हा वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. मग कळलं, प्राध्यापक आहे, आणि हे त्याचं संशोधन. केळीच्या सोपटाचे धागे साच्यात अंथरायचे, त्यात पातळ रेझिन सोडायचं. ते घट्ट झालं की लाकडासारखी टणक, पण हलकी वस्तू हाती येते. रेझिन आत कसं वाहील याचं गणित अण्णा कॉम्प्युटरवर मांडतात. ते जुळत नाही, कारण धागे शहाण्यासारखे वागत नाहीत. "धागा पितो, वैनी. पिऊन फुगतो. फुगून मागच्याची वाट बंद करतो." हे अशा सुरात सांगतात, जणू धागा म्हणजे त्यांचा मेहुणाच.

खरं तर अण्णांना मेहुणा नाही. घरात ते आणि थोरली बहीण, दोघंही बिनलग्नाची. अक्कांना लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून एका पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या. अंगणात अक्कांचे तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडयाच, आणि अण्णांचे धागे शेजारी शेजारी वाळतात. आभाळ भरून आलं की अण्णा आधी धागे उचलतात. मग आतून अक्कांचा आवाज येतो, "सरी, बरं तर, आज पानांत धागेच वाढत्यें."

अण्णांची चालही औरच. इतके सावकाश चालतात की पापनाशमची बस त्यांच्या डोळ्यांदेखत सुटते आणि ते तिला खुशाल जाऊ देतात. गल्लीतली शाळकरी पोरंही त्यांना मागे टाकतात. मी याचं खापर गणितावर फोडत असे.

गेल्या वर्षी अक्कांचं बाहेर पडणं थांबलं. वय झालं, लोखंड ओढवेना. देवळातला उत्सव त्या खिडकीतून ऐकू लागल्या. त्याच सुमारास मी वाटीभर पायसम द्यायला अण्णांच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. भिंतीला टेकून केळीच्या धाग्यांचे पायाचे साज, अक्कांच्या लोखंडी पट्ट्यांच्याच मापाचे, ओळीनं उभे होते. एकूण एक गुडघ्याशी मोडलेले.

"रेझिन वरून सोडतों," अण्णा पुटपुटले. "गुडघ्याशी येईस्तोवर धागे फुगतात. तिथें सुकं राहतं, तिथेंच मोडतं. अक्काला सांगूं नका. आशा लागेल तिला."

दुसऱ्या दिवशी मी न सांगता वडे तळले. अण्णांनी नेहमीप्रमाणे कडेला सांबार ओतलं, मग वड्याच्या मधल्या भोकाकडे टक लावून बसले. जन्मभर वडे खाल्लेल्या माणसाला ते भोक त्या दिवशी दिसलं. वडा तसाच टाकून उठले आणि साच्याला ऐन गुडघ्यापाशी छिद्र पाडलं. आता रेझिन आधी अवघड जागी, मग वर आणि खाली. तो साज टिकला.

हॉस्पिटलात तपासून, पट्टे नीट बसवून झाल्यावर अक्का तो घालून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी काढून ठेवलेलं लोखंड अण्णांनी दोन्ही हातांनी उचलून तोलून पाहिलं.

"असलं ओढून तूं मज शाळेस पोचवीत होतीस?"

"तूं हळू चालत होतास की रे," अक्का म्हणाल्या.

मग त्या देवळाच्या दिशेनं निघाल्या. अण्णा सवयीनं सावकाश निघाले आणि बरेच मागे पडले. अक्का वळल्या.

"पोदुम रे, पुरे झालं. आतां नीट चाल."