मंदाताईंच्या वाफांची नोंदवही

ऐन थंडीत, पुंडलिकनगरातली आमची गल्ली स्वेटरात गुरफटलेली असताना, मंदाताई फाटकाशी उभ्या राहून वहीनं वारा घेत ओरडायच्या, "फर्दापूर लागली गं!"

नवा माणूस घाबरायचा. आम्हाला सवय होती. मंदाताईंची सगळी नोकरी बसस्टँडच्या चौकशी खिडकीत गेली. पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघायला लागल्या, तर त्यांनी वाफांनाही गाड्यांची नावं दिली. पडेगाव म्हणजे दोन मिनिटांची, कानापर्यंत येणारी. फर्दापूर म्हणजे पदर भिजवणारी, लांब पल्ल्याची. वहीत रोजची नोंद: आली किती वाजता, गेली किती वाजता, शेरा. शेऱ्यात बहुतेक वेळा 'ह्यांच्यावर ओरडले'.

वही बघून डॉक्टरीणबाई आधी पोट धरून हसल्या. मग आपल्या उर्दू वळणाच्या मराठीत मंदाताईंना म्हणाल्या, "आपा, इतका चांगला हिसाब कुठल्याच पेशंटनं दिला नाही मला." तपासण्या करून त्यांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. वाफा थांबल्या, झोप लागू लागली. चार वर्षं मंदाताई खुशीत.

मग एका लग्नात कुणीतरी नाक मुरडलं, "अजून गोळ्याच का?" मंदाताई तडकाफडकी स्वभावाच्या. घरी येऊन पाकीट कचऱ्यात टाकलं आणि वहीत लाल शाईनं लिहिलं, 'सर्व फेऱ्या रद्द'. पंधरा दिवसांत सगळ्या फेऱ्या एकदम लागल्या. पोहे खारट झाले म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं. पोहे त्यांनीच केले होते.

शेवटी मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "बंद करायच्या असतील तर परत सुरू करून हळूहळू कमी करू. नाहीतर आणखी काही दिवस घ्या. फायदे-धोके दोन्ही सांगते, ठरवायचं तुम्ही. नाही जमलं तर परत या."

येताना रिक्षात मंदाताई वही उघडत होत्या, मिटत होत्या.

"मला बंदच करायच्यात गं," त्या म्हणाल्या. "पण लई भ्याव वाटतंय."

"वाफांचं?"

"नाय. माझी माय ह्याच वयात अशी ओरडायची. बाहेरचं झालंय म्हणून बापानं तिला मागच्या खोलीत घातलं, वरून कडी लावली. मी खिडकीतून ताट द्यायची. तिला दवाखाना कुणीच दाखवला नाय. मी बी नाय."

वीस वर्षांचा शेजार, आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या वहीला आपण किती हसलो, याची लाज वाटली.

गोळी कमी करून आता दोन महिने झालेत. बरं चाललंय. परवा मात्र नळाला पाणी आल्याचं सांगितलं नाही म्हणून त्या माझ्या दारात येऊन कडाडल्या. मध्येच थांबल्या. चेहरा पार उतरला.

"लई ओरडले का गं?"

"व्हय. लई."

"मग? दार लावून घेशील?"

मी दार सताड उघडलं आणि म्हटलं, "आत या. राहिलेलं बसून ओरडा."