बाबांचा पोपटहाक्या

"मंगळवारपासून एकही पोपट माझ्या सफरचंदाला चोच लावणार नाही. लिहून ठेव!" शिडीवरून बाबांनी जाहीर केलं.

तो शनिवार होता. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या लेकीने आजवर असं बरंच लिहून ठेवलं होतं. आरसे टांगून झाले, रबरी साप झाला, आईचा जुना गाऊन घातलेलं बुजगावणं झालं. त्याच्या खांद्यावर ऐसपैस बसून पोपटांनी सफरचंदं खाल्ली!

हे पोपट मुळात इथले नव्हतेच. तीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांनी एका खलाशाकडून जोडी घेतली. पिंजऱ्याला कडी बसवून दिली बाबांनी. बेल, कड्या, कुलपं हा त्यांचा धंदाच. आठ दिवसांत पिंजरा उघडा आणि जोडी पसार! आता शहरभर हिरवे थवे. पालिकेचा माणूस म्हणाला, आणखीही कुठून कुठून सुटले असतील. पण काका ऐकतात कुठे! दर महिन्याला बाबांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला की तेच: "बसा निर्धास्त, साहेब. या खुर्चीला तुमची कडी नाही!"

बाबा तिथे हसत. घरी येऊन मात्र तशीच कडी टेबलावर ठेवून शंभरदा उघडबंद करत.

लेकीला सगळं ठाऊक होतं. काका एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासत असताना, नऊ वर्षांच्या तिनेच पिंजऱ्याची कडी उघडली होती. दोन्ही हातांनी. एका हाताने उघडतच नव्हती.

नवं यंत्र म्हणजे दुकानाच्या दारावरचा सेन्सर, जुना स्पीकर आणि बाबांचा आवाज. समोर काही हललं की गर्जना! मंगळवारी दुपारी चारला ते आपोआप सुरू होणार होतं. तोवर यंत्राचा रंग वाळायचा होता. बंद करायचं बटण एका पेटीत, आणि पेटीला तीच कडी. कारण मागच्या वेळी लावलेल्या भोंग्याची वायर आईने कात्रीने कापली होती.

"कशी सुटली असेल गं ती कडी?" उतरता उतरता बाबांनी विचारलं.

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

"चहा निवतोय, बाबा," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. चहा अर्धा राहिला.

मंगळवारी भेटायला आलेली माणसं घरात मावेनात, म्हणून खुर्च्या मागे सफरचंदाच्या झाडाखाली मांडल्या. चारला आत्या बिस्किटांचा ट्रे घेऊन आली. बाबांचे जुने भागीदार तिसरं बिस्किट उचलायला वाकले.

"आलात परत? फुकटचं खायला? लाज नाही वाटत?"

भागीदारांनी बिस्किट ट्रेमध्ये परत ठेवलं. "रविवारी जरा घाईत होतो," ते झाडाकडे बघून म्हणाले, "म्हणून आज पुन्हा..."

"दादा!" किंचाळून आत्या मटकन बसली ती शेजारणीच्या मांडीवर. शेजारीण दचकून उठली.

"आलात परत? फुकटचं खायला?..."

"कोणी हलू नका!" लेक ओरडली. चौदा माणसं पुतळ्यांसारखी थिजली. कोणाचा कप हवेत, कोणाचा रुमाल नाकाशी!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अहो, हळू! लोक आलेत घरात!"

मग आई स्वतःच दारात येऊन उभी राहिली. कोणी तिच्याकडे बघेना. तिने तोंडावर पदर दाबला, खांदे हलायला लागले, आणि बघतात तो काय, ती हसत होती! हसू पसरलं, माणसं हलली, बाबा पुन्हा गरजले.

"मी बघतो!" म्हणत सलूनवाले काका शिडीवर चढले. खिशातून कात्री काढली. "वायरच कापतो."

"नको!" लेक केवढ्यांदा ओरडली! "बटण आहे पेटीत."

एका हाताने शिडी धरून काकांनी कडी ओढली, ढकलली, कात्रीच्या टोकाने उचकटली. घामाघूम झाले. "काय भयंकर कडी आहे ही! अशी माझ्या पिंजऱ्याला लावली असती साहेबांनी, तर गेले असते का पोपट?"

"काका, खाली या."

ती वर चढली. शिडी गुडघ्यांत धरली आणि दोन्ही हातांनी कडी उघडली. टक्! बटणाला मात्र तिने हात लावला नाही.

"तुला कशी गं उघडली?" काकांनी खालून विचारलं.

"हीच होती तुमच्या पिंजऱ्याला," ती म्हणाली. मग स्पीकरकडे वळली. "बाबा, कडी पक्की होती. मी उघडली होती."

सांगताना तिचा हात हलला.

"आलात परत? फुकटचं खायला? लाज नाही वाटत?"

"वाटते हो, बाबा," ती म्हणाली.