झाडीतलं विमान

दातांच्या डॉक्टरांचा स्वतःविषयी एक ठाम समज होता. काळ्या-करड्या चित्रात दडून बसलेली गोष्ट हुडकायला जी नजर लागते, ती सबंध शहरात आपल्या एकट्यालाच मिळालेली आहे, असा. एक्सरे नुसता खिडकीकडे धरला की मोहरीएवढी कीडही त्यांना दिसे. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," हे वाक्य ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकणारा बहुतेक वेळा खुर्चीत आडवा असे आणि त्याच्या तोंडात आरसा, नळी, कापूस असा सगळा संसार मांडलेला असे. त्यामुळे त्यांना आजवर कोणी खोडून काढलं नव्हतं.

खोडून काढू शकेल अशी एकच व्यक्ती होती आणि ती बाहेरच्या टेबलावर बसायची. ती म्हणजे डॉक्टरांची बायको. पेशंटांना वेळा देणं, फोन घेणं, घाबरलेल्यांना धीर देणं ही तिची कामं. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली होती. दर थोड्या वेळाने आत डोकावून नवऱ्याला कॉम्प्युटरसमोरून उठवणं.

डॉक्टरांना उपग्रहाच्या नकाशांचा नाद लागला होता. धाकट्या बहिणीच्या नव्या घराचं छप्पर कसं दिसतं ते बघायला म्हणून त्यांनी पहिल्यांदा नकाशा उघडला आणि वाटेत त्यांना समुद्रावरून उडणारं एक विमान सापडलं. वरून बघितलेलं, पंख पसरलेलं, खाली निळं पाणी. झालं! त्या दिवसापासून एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंत जो काय वेळ मिळे, तेवढ्यात डॉक्टर जगावरून एक चक्कर मारून येत. विमानं, गरम हवेचे फुगे, कुणालाच ओळखू न आलेल्या कसल्या कसल्या चकत्या. एकदा त्यांना वाळवंटात अवाढव्य हिरवी तबकडी सापडली होती. ते गोल शेत निघालं. डोंगरमाथ्यावरचं चकाकतं वर्तुळ पाण्याची टाकी निघाली. पण डॉक्टर खचणाऱ्यांतले नव्हते. जगात कुणालाच न दिसलेलं काहीतरी एक दिवस आपल्याला दिसणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि एका सकाळी ते दिसलं. तेही कुठे दूरदेशी नाही, तर आपल्याच शहराच्या कडेला, जुन्या तलावामागच्या झाडीत. एक अख्खं विमान. पंख, शेपूट, सगळं जागच्या जागी. धावपट्टी नाही, रस्ता नाही, नुसती झाडं आणि मधोमध हे धूड. बाजूला लाल, निळी अशी पुसटशी झाक होती. डॉक्टरांनी त्याचाही अर्थ लावून टाकला. वर्षानुवर्षं ऊन खाऊन रंगाचे पोपडे निघाले असणार. म्हणजे विमान जुनं, आणि कोणीतरी मुद्दाम लपवलेलं.

खुर्चीत तेव्हा गाण्याच्या बाई होत्या. गल्लीतल्या निम्म्या मुलांना गाणं शिकवणाऱ्या. त्यांची अक्कलदाढ काढायची होती आणि भुलीचं इंजेक्शन नुकतंच दिलेलं होतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला, विमान दाखवलं, दाढ काढता काढता सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी तुम्हालाही विमानच वाटतं ना, असं विचारलं. बाईंच्या घशातून "आँ" असा आवाज आला. डॉक्टरांनी तो होकार धरला.

बाई खाली उतरल्या आणि गोळ्या घ्यायला तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरल्या. हे औषधवाले मोठे परोपकारी गृहस्थ. मदतीला धावण्याचा त्यांना इतका सोस, की मदत कुणाला हवी आहे हे विचारायलाही ते थांबत नसत. बाईंना बातमी पोटात ठेवणं अशक्य झालं होतं. "तलावामागच्या झाडीत विमान सापडलंय," एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण अर्धा जबडा बधिर, गालात कापसाचा बोळा, आणि त्या 'सापडलंय'मधला पहिला 'सा' कापसातच अडकून राहिला. जन्मभर मुलांकडून जो त्यांनी घोटून घेतला, तो नेमका त्या दिवशी त्यांना लागला नाही. औषधवाल्यांनी ऐकलं ते असं, की तलावामागच्या झाडीत विमान पडलंय. त्यात इंजेक्शनमुळे बाईंच्या डोळ्यांत पाणी. औषधवाल्यांना वाटलं, बाईंचं कोणी विमानात होतं. त्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि अग्निशमन दलाला फोन लावला. बाई दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणत होत्या. तो औषधवाल्यांना शोक वाटला.

घंटा वाजवत बंब दारात येऊन उभा राहिला तेव्हा डॉक्टर दुसऱ्या पेशंटाचा दात कोरत होते. बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं, तसे बंबाचे साहेब स्वतः वर आले. उंचेपुरे, कमी बोलणारे आणि उजव्या गालावर सारखा हात ठेवून असलेले. विमान तुम्ही बघितलंत का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी अभिमानाने हो म्हटलं. जागा दाखवाल का? डॉक्टर म्हणाले, अगदी इंचाइंचाने दाखवीन. आपला शोध सरकारदरबारी इतक्या तातडीने पोहोचला याचं त्यांना जरा नवल वाटलं, पण थोर शोधांचं असंच होत असावं असं समजून ते पांढऱ्या कोटासकट बंबात चढले. बायको जिन्यापर्यंत मागे आली होती. कुठे निघालात, कशाला निघालात, असं ती विचारत होती. घंटेपुढे तिचं काही ऐकू गेलं नाही.

बंबामागे रुग्णवाहिका, तिच्यामागे पोलिसांची गाडी, तिच्यामागे स्कूटरवर औषधवाले आणि त्यांच्यामागे निम्मी गल्ली. वाटेत साहेबांनी किती माणसं असतील, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, माणसं कसली, ते तर कित्येक वर्षांपासून तिथे पडून असणार. साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात तलावाकाठच्या भुसभुशीत मातीत बंबाची मागची चाकं रुतली आणि बोलणं तिथेच राहिलं.

सगळे खाली उतरून झाडीत शिरले. मोबाइलवरचा नकाशा पुढे धरून डॉक्टर सर्वांत पुढे. एका मोकळ्या जागी ते थांबले आणि हीच ती जागा, असं त्यांनी जाहीर केलं. तिथे गवत होतं. गवतात एक कुत्रं झोपलं होतं. एवढी माणसं बघून त्याने एक डोळा उघडला, कूस बदलली आणि ते परत झोपी गेलं. डॉक्टरांनी मोबाइल आडवा केला, उभा केला, स्वतः गोल फिरून बघितलं.

आणि त्याच क्षणी वरून घरघर आली. सगळ्यांनी माना वर केल्या. झाडांच्या शेंड्यांवरून, बरोबर त्या मोकळ्या जागेवरून, एक विमान शांतपणे निघून गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत माना वरच होत्या. मग एकेक करून त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टर," साहेबांनी हळूच विचारलं, "ते तुमचं का?"

पुढचं सगळं साहेबांनी विमानतळावरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून समजून घेतलं. उपग्रह फोटो काढत असताना खालून विमान उडत गेलं, तर ते फोटोत जमिनीला चिकटल्यासारखं दिसतं. उपग्रह लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग क्षणभराच्या अंतराने टिपतो. तेवढ्यात विमान पुढे सरकलेलं असतं, म्हणून त्याचे रंग बाजूला सांडल्यासारखे दिसतात. पोपडेबिपडे काही नाही. त्या झाडीवरून तर रोजच विमानं जातात.

गल्ली हसत हसत घरी गेली. औषधवाल्यांना दुकान उघडं राहिल्याची आठवण झाली. डॉक्टर मात्र गेले नाहीत. रुतलेला बंब ढकलायला त्यांनी खांदा लावला आणि चाकं बाहेर निघेपर्यंत लावून ठेवला. घरी परतले तेव्हा पांढऱ्या कोटाचा एकच कोपरा पांढरा राहिला होता.

हसण्याचं डॉक्टरांना काही वाटलं नसतं. चार दिवस हसून लोक विसरतात. पण दुसऱ्या दिवशी एक जुना पेशंट आला, खुर्चीत बसला आणि तोंड उघडण्याआधी फार नम्रपणे म्हणाला, "डॉक्टर, ती कीड नक्की माझ्या दातातच आहे ना? का वरून जात होती?"

तो तरी आला. बाकीच्यांनी फोन करून वेळा रद्द केल्या. ज्या माणसाला गवतात विमान दिसतं, त्याला एक्सरेत काय काय दिसेल? त्यापेक्षा वाईट हे, की तोच प्रश्न डॉक्टरांनाही पडला. ते एक्सरे खिडकीकडे धरत आणि धरूनच राहत. ही सावली कीड आहे, की नुसती सावली? पूर्वी जे दाराशी उभं राहून सांगत, ते आता भिंग घेऊनही सांगवेना. कॉम्प्युटर त्यांनी फडक्याने झाकून टाकला. बायकोने एकदाही टोमणा मारला नाही. तिच्या स्वभावाची पुरती ओळख असल्यामुळे डॉक्टरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

असे काही रिकामे दिवस गेल्यावर एका दुपारी जिन्यात जड बूट वाजले. बंबाचे साहेब! डॉक्टर उभे राहिले. दंड, नोटीस, चौकशी, जे काय असेल ते निमूटपणे घ्यायचं त्यांनी ठरवलं. साहेब आत आले, खुर्चीकडे बघून जरा घुटमळले आणि उजव्या गालावरचा हात काढला. गाल टम्म सुजलेला होता.

आगीत शिरणारा हा माणूस दातांच्या खुर्चीला भीत होता. त्यामुळे दुखणं त्याने आजवर अंगावर काढलं होतं. माझ्याकडेच का आलात, असं डॉक्टरांनी चाचरत विचारलं. सगळं शहर तर माझ्या नजरेला हसतंय.

साहेब म्हणाले, "आमच्याकडे बहुतेक फोन पोकळच निघतात. आम्ही कोणाला रागावत नाही. रागावलो तर पुढच्या खेपेला माणूस फोन करणार नाही. तुम्ही दिसलं ते सांगितलंत, आणि चुकलं तेव्हा चिखलात थांबलात. मला असा डॉक्टर चालेल."

डॉक्टरांनी एक्सरे काढला, खिडकीकडे धरला. एका मुळाशी सावली होती. शेजारच्या मुळाशीही पुसटशी होती. सवयीने त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. एक्सरे तसाच धरून ते उभे राहिले.

दारातून बायको म्हणाली, "अहो, नुसतं बघत काय राहिलात? ठोकून बघा."

त्यांनी आरशाच्या दांड्याने एका दातावर हलकेच टिचकी मारली. साहेब शांत. शेजारच्या दातावर मारली. साहेब बूट, पट्टा आणि शिट्टीसकट खुर्चीतून वर उडाले.

"हा," डॉक्टर म्हणाले. खूप दिवसांनी त्यांनी इतक्या खात्रीने काहीतरी म्हटलं होतं.

दात वाचला. सूज उतरली. भररस्त्यात साहेब दोन्ही गालांनी हसताना दिसू लागले, तसे लोक हळूहळू परत यायला लागले. डॉक्टर आता एक्सरे पडद्यावर लावून पेशंटालाही दाखवत. मला इथे असं वाटतंय, आपण तपासून बघू, असं म्हणत आणि खरंच तपासत. लोकांना हे आवडलं. बायकोलाही आवडलं असावं, कारण एका सकाळी कॉम्प्युटरवरचं फडकं तिनेच धुवायला टाकलेलं दिसलं.

शेवटच्या खेपेला आले तेव्हा साहेबांनीच विषय काढला. ते विमान तरी बघू द्या एकदा. डॉक्टरांनी आढेवेढे घेत नकाशा उघडला. साहेबांनी विमान बघितलं, मान डोलावली आणि मग सगळे करतात तेच केलं. आपलं ठिकाण शोधायला लागले. अग्निशमन केंद्र सापडलं. बंब उभा राहतो ते अंगण, घंटेचा मनोरा, लांबलचक गच्ची.

आणि गच्चीवर एक गोल, निळी, चकचकीत चकती.

साहेब पुढे झुकले. डॉक्टरही झुकले. टाकी असेल, असं ते शेवटी म्हणाले. साहेबांनी मान हलवली. टाकी दुसऱ्या कोपऱ्यात होती. चित्र मोठं केलं तेव्हा चकतीच्या आत दोन काळे ठिपके दिसले. बायको काम सोडून आत आली आणि दोघांच्या मधून बघू लागली.

"तपासून बघा," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी केंद्रात फोन लावला आणि आवाज शक्य तितका कोरडा ठेवून विचारलं, की गच्चीवर ती निळी गोल वस्तू काय आहे. पलीकडे कुजबुज झाली. मग कोणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं,

"साहेब, तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो टब होता. रबरी, हवा भरायचा. उन्हाळ्यात सगळे जवान आळीपाळीने त्यात बसत होते आणि साहेबांचे बूट जिन्यात वाजले की हवा काढून त्याची घडी घालत होते. डॉक्टरांच्या आयुष्यातला हा पहिला शोध, जो जागेवर जाऊन सिद्ध झाला. तो कुणालाही सांगायचा नाही, असं साहेबांनी निघताना त्यांचा हात धरून बजावलं.

पुढे कधीतरी दोघं रस्त्यात भेटले. डॉक्टरांना राहवलं नाही. टब काढलात का, असं त्यांनी विचारलं.

"काढला," साहेब आकाशाकडे बघत म्हणाले. "फार लहान होता हो."