तीन मजली केक आणि मागचे शॉकअप

गाडीचे मागचे शॉकअप गेलेत, हे सगळ्यात आधी कळलं केकला. गेल्या रविवारी घरून तीन मजली केक निघाला आणि पोचला तेव्हा फक्त तळमजला उभा होता. स्पीडब्रेकर मागे पडला तरी गाडी आपली मान डोलावतच राहायची. तिथे केक बिचारा काय करणार!

"आज चार वाजता हॉलवर केक द्यायचाय," बायको म्हणाली. "हॉलवाल्यांची ही पहिलीच ऑर्डर आहे. धड पोचला तर वर्षभराचे सगळे केक माझ्याकडे. पडला, तर ओव्हन विकते आणि तुमच्या दुकानात येऊन बसते."

दुकान घड्याळदुरुस्तीचं. त्यात एक माणूस मावतो, तोही श्वास आत घेऊन. नवरोबांना, म्हणजे गल्लीच्या घड्याळजींना, घाम फुटला. पण दुसऱ्याच मिनिटाला चेहरा असा फुलला, की विचारू नका.

"अगं, नवे शॉकअप आणून ठेवलेत मी! आत्ता बदलतो. चार तर बोल्ट आहेत!"

अंगणात त्यांनी गाडीची मागची बाजू उचलून दणकट लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, चाकं काढली, पांढरंशुभ्र फडकं अंथरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. गंजलेल्या नटावर घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब सोडला आणि कान लावून बसले.

शेजारच्या गॅलरीत काका चहा पीत होते. तीस वर्षं बस चालवून घरी बसलेला माणूस. दुसऱ्याचं काम बघण्याइतकी मजा त्यांना कशातच नव्हती.

"काय घड्याळजी, नाडी बघताय का?"

"बोलू नका काका, सैल होतोय!"

खरंच झाला. तासाभरात दोन्ही जुने शॉकअप फडक्यावर, शेजारी नट आणि वायसर अगदी ओळीने. घड्याळजी आनंदाने नाचायचेच बाकी होते. नवे शॉकअप खोक्यातून निघाले. दोन्ही दाबून, पट्टीने आवळून बांधलेले. आता घड्याळाच्या धंद्यातला नियम असा, की वस्तू हातात आली की आधी तिचं सगळं पॅकिंग काढायचं, मग कामाला हात लावायचा. घड्याळजींनी कात्री घेतली. कच्च! कच्च!

दोन्ही शॉकअप आळस दिल्यासारखे हळूहळू लांब झाले.

"बघा काका, काय जोर आहे!"

काकांचा चहा ओठापाशीच थांबला. "अहो, पट्टी कापली? आधी बसवायचं असतं, मग कापायचं! आता हे लांबलेले जागेत बसतील का?"

बसेनात. वरचं टोक जागेवर आलं, की खालचं भोक चार बोटं खाली. घड्याळजींनी दाबलं, छातीने रेटलं, त्याला "बाळा" म्हणून पाहिलं. सव्वा दोन वाजले.

"झालं का?" आतून बायको. तिसरा मजला चढत होता.

"झालंच!" घड्याळजी ओरडले, आणि काकांकडे रडवेलं तोंड करून बघितलं.

काका बनियनवरच खाली धावले. "दोन चाकांच्या मधे आडवा दांडा आहे ना, त्याला जॅक लावा. दांडा वर आला की भोक आपोआप जुळतं."

जॅक लावला. दांडा वर आला, पण त्याच्याबरोबर गाडीही ठोकळ्यावरून उठायला लागली.

"थांबा, खाली घ्या!" काका ओरडले. "मागे वजन पाहिजे. मी डिकीत बसतो."

काका बसले. काकांचं वजन म्हणजे वाळत घातलेला सदरा. गाडीला पत्ताच लागला नाही.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. दोघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम नजर वळवली.

"काय झालं, जावईबापू?"

"काही नाही, आई. म्हणजे... तुम्हाला जरा डिकीत बसायला..."

"किती किलो कमी पडतायत?"

"आई, तसं नाही..."

"वजन मी डॉक्टरलासुद्धा सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पण पोरीचा केक आहे. व्हा बाजूला!"

सासूबाई बसल्या आणि गाडी ठोकळ्यांवर अशी बसली, की जणू तिथेच उगवली. घड्याळजी जॅक फिरवू लागले.

"आलं का भोक?" काका.

"अर्धं दिसतंय!"

"मी श्वास सोडू की धरू?" सासूबाई.

"धरा, आई, धरा... आलं! गेला बोल्ट! आरपार!"

अंगणात असा जल्लोष झाला, की बायको क्रीमचा हात घेऊनच बाहेर आली. आपली आई आणि शेजारचे काका डिकीत बसून टाळ्या वाजवतायत, हे बघून ती तशीच केककडे परत पळाली. वेळच नव्हता. दुसरी बाजू वीस मिनिटांत झाली.

साडेतीनला गाडी निघाली. मागे बायको, दोन्ही तळवे केकभोवती. पुढे सासूबाई, "मी बसले म्हणून झालं, मी येणारच!" पहिला स्पीडब्रेकर आला. बायकोने डोळे मिटले. गाडी चढली, उतरली आणि गप्प झाली. केकवरचं एक फूलसुद्धा हललं नाही.

"अहो, डुललीच नाही!"

"अजून एक ब्रेकर शोधू का?"

"हॉलवर चला मुकाट्याने!"

हॉलच्या फाटकातला स्पीडब्रेकर म्हणजे छोटी टेकडीच. मॅनेजर फाटकातच उभे होते. गाडी त्यावरून लोण्यासारखी गेली. केक उतरला, तिन्ही मजले ताठ. मॅनेजरने केक पाहिला, मग गाडी पाहिली, आणि बराच वेळ गाडीच पाहत राहिले.

"बाई, वर्षभराचे केक तुमचेच," ते म्हणाले. बायकोचे डोळे भरून आले. "पण एक अट आहे. माझी गाडी रोज मला इथे आपटून काढते. हे काम जिथे केलंत, तिथेच माझंही करून द्यायचं."

"घरीच केलं, माझ्या हाताने!" घड्याळजी उसळले. "उद्याच आणा! आत्ता आणा!"

बायकोने हळूच आईकडे पाहिलं. सासूबाईंनी गाडीची काच खाली केली.

"उद्या चालेल," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "पण जेवण झाल्यावर या. उपाशीपोटी मी बसत नाही."